पालथी पाटी

आये,

तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुला कधी काही लिहिलं नाही. तुला वाचता तरी कुठे येत होतं. आज लिहितेय, कारण मला भीती वाटतेय आणि ती बोलून दाखवावी असं या अंधेरीच्या ऑफिसात कुणी नाही. जेवणाची सुट्टी आहे, सगळे खाली गेलेत. माझा डबा उघडलेला नाही. तीन वाजता साहेब एक पत्र पाठवणार आहेत. त्याआधी मला त्यांच्याशी बोलायचंय.

मासळीबाजारात तू सगळ्यांना सांगायचीस की पोरगी कंप्युटरवर नावं विकते. मी किती चिडायचे. नावं विकणारे वेगळे, आम्ही त्यांना लागणारं सॉफ्टवेअर बनवतो आणि सांभाळतो. दुकानाला, दवाखान्याला इंटरनेटवर एक नाव लागतं, ते दरवर्षी चालू ठेवावं लागतं. मालक विसरला तरी नाव लगेच जात नाही, महिनाभर त्याला ते परत मागता येतं. पण परत मागितलं की सात दिवसांत, सगळ्या नावांची नोंद ठेवणाऱ्या वरच्या कचेरीत एक छोटा अहवाल जावा लागतो. तो आमचं सॉफ्टवेअर आपोआप पाठवतं. नाही गेला, तर मालकाला नाव नकोच आहे असं धरतात आणि तो महिना पुन्हा मोजायला लागतात. तो संपला की शेवटचे पाच दिवस. त्या पाच दिवसांत कुणालाच काही करता येत नाही, आणि मग ज्याचा हात आधी पडेल त्याचं ते नाव.

दोन महिन्यांपूर्वी एका चाचणीत खोटे अहवाल वर जाऊ नयेत म्हणून मी ते पाठवणं बंद केलं. चाचणी झाली, परत चालू करायचं मात्र राहूनच गेलं. कोकणातल्या एका डायलिसिस केंद्राने परत मागितलेलं नाव त्यात सापडलं. त्यांचे पेशंट त्याच नावावर वेळ घेतात. ते बिचारे महिनाभर तक्रार करत होते, आणि आमच्या स्क्रीनवर सगळं हिरवंगार. आज सकाळी कळलं तेव्हा पाच दिवसांतले तीन संपले होते. साहेबांनी विचारलं, कुणी बंद केलं हे? आम्ही पाचजण एकाच लॉगिनवर काम करतो, त्यामुळे कुणाचंच नाव दिसत नाही. गेल्या महिन्यात माझ्या शेजारी बसणारी नोकरी सोडून गेली, माझ्या डब्यातली बोंबलाची चटणी आवडीने खायची ती. नव्या नोकरीला लागणारं तिचं अनुभवाचं पत्र अजून साहेबांकडेच आहे. साहेब म्हणाले, "तिचंच काम असणार. तीनला केंद्राला पत्रात तसं कळवून टाकतो." आणि आये, मी मान हलवली.

सातवीच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर बाजारात बसायचे. जिला यायला जमायचं नाही तिची मासळीची पाटी तिच्या जागेवर पालथी असायची, आणि पालथी पाटी दिसली की तिथे कुणी बसायचं नाही, कितीही दिवस झाले तरी. आपल्या शेजारची म्हातारी हॉस्पिटलात होती, तिची पाटी अशीच पडून. त्या दिवशी बोंबील खूप आले होते. तू बर्फ आणायला गेलीस तेव्हा मी ती पाटी भिंतीला सरकवली आणि तिथे आपले बोंबील मांडले. संध्याकाळी ती परत ठेवायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जागेवर कुणी नवीनच बाई बसलेली, आणि ती काही केल्या उठेना. तू मला विचारतेस. मी म्हणते, झाडूवाल्याने हलवली असेल. तू ओले हात पदराला पुसत माझ्याकडे बघत राहतेस. "तिची पाटी होती म्हंजे ती होती, पोरी. आता ती येल तवा काय सांगू तिला?"

म्हातारी आली तेव्हा पाटी तुझ्याच हातून हलली, असं तिला सांगून तू दोष स्वतःवर घेतलास. ती पुढे बाहेर गटाराजवळ उन्हात बसायला लागली. तू रोज सकाळी तिला आपल्यातला बर्फ नेऊन द्यायचीस, ती घ्यायची, पण तुझ्याशी बोलायची नाही. मला तू परत कधी काही विचारलं नाहीस, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटायची.

त्या केंद्राचं नाव आता माझ्या हातात नाही. पण अशी आणखी बरीच नावं अजून त्या महिनाभराच्या मुदतीत अडकलीयेत, ती आज मागितली तर परत मिळतील. ती शोधायला मी बंद केलं ती तारीख लागते, आणि ती मला एकटीलाच ठाऊक आहे. नोकरी जाईल याची भीती वाटतेच, या वयात मला कोण ठेवून घेणार? पण मघाशी मान किती सहज हलली, त्याची भीती त्याहून मोठी आहे.

साहेब काचेच्या केबिनमध्ये येऊन बसलेत. तीनला दहा कमी आहेत. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, पुसून टाकीन. आत जाऊन जे बोलायचं त्याची जिभेला सवय व्हावी म्हणून आधी तुला सांगते. पाटी मी हलवली होती, आये. झाडूवाला त्या दिवशी आलाच नव्हता, आणि ते तुलाही ठाऊक होतं.