भिंतीवरचा दांडा

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, मान आखडल्यामुळे सध्या कुणापुढे वाकता येत नाही, आणि खरं सांगू का, वाकायची इच्छाही नाही). वहिनीची कंबर कशी आहे? तुझा खोकला गेला असं धरून चालते, कारण पुढचं सगळं माझ्याविषयी आहे.

तुला ठाऊकच आहे, गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सासूबाई माडीवर अडकल्या होत्या. आमचा जिना घराबाहेरून, भिंतीलगत. धरायला काही नाही. दिवसभर खिडकीत बसून त्या खालच्या बायकांच्या अर्ध्यामुर्ध्या गप्पा ऐकायच्या (उरलेल्या अर्ध्या स्वतः रचायच्या, त्यावरून दोन घरांत अबोला झाला). शेवटी आमच्या ह्यांनी भिंतीला दांडा बसवायचं मनावर घेतलं. विटांमधल्या सांध्यांत भोकं पाडून हूक ठोकले, आणि "हत्ती लोंबकळला तरी हलायचा नाही" म्हणत स्वतःच लोंबकळले. हत्तीचं माहीत नाही, हे मात्र दांड्यासकट शेजारीणबाईंच्या कुंड्यांत उतरले. सासूबाई वरून बघत होत्या. त्यांनी नुसती खिडकी लावून घेतली. ते मला लागलं.

मग ड्रिल मी हातात घेतलं. सांध्यातला चुना पिठासारखा भुसभुशीत, म्हणून भोकं चांगल्या भरीव विटेत पाडली, फुंकणीने आतली भुकटी उडवली (ती ह्यांच्या डोळ्यांत गेली; देखरेखीला बोलावलं होतं कुणी?), प्लास्टिकचे प्लग बसवले आणि मनगट दुखेपर्यंत स्क्रू पिळले. मग मी लटकले, हे लटकले, कुंड्यांवरून भांडायला आलेल्या शेजारीणबाईही लटकल्या. दांडा ढिम्म!

सासूबाईंनी बिचकत हात लावला, एकदा हिसका देऊन पाहिला, आणि उतरल्या की रे! खाली पोचल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "एवढी वर्षं तुझ्या हाती नुसतं लाटणं दिलं गं आम्ही." दादा, मी तेव्हापासून जमिनीवर नाही.

तुझी धाकटी बहीण (आता मिस्त्रीही)

ता. क. सगळ्यात वरचं भोक पाडताना आतून पाण्याची चिळकांडी उडाली होती. मी चपळाईने स्क्रू पिळून ती बंद केली. तेव्हापासून न्हाणीघराच्या नळाला करंगळीएवढीच धार येते. हे टाकीला दोष देतात आणि रोज ती घासतात. मी अडवत नाही. टाकी छान निघालीय.

पुन्हा ता. क. तुझ्या ओळखीचा नळदुरुस्तीवाला गुपचूप पाठव. भिंत हवी तर आतून फोड म्हणावं, पण माझ्या हुकाला हात लावायचा नाही. सासूबाईंची भीती बाळगू नकोस. त्या हल्ली घरी सापडतातच कुठे!