डोडा आधी गेली

२४ जून

पान बावीस झालं. बोटं दुखतात. हे पलंगाला टेकून सांगतात, मी मोबाइलवर टाइप करते. "अर्नुल्फ हा मेत्स शहराचा बिशप. चौदाशे वर्षांपूर्वी फ्रँक राजांच्या दरबारातला मोठा माणूस." यांचा वाढदिवस अठरा जुलै, आणि या संताचा सणही त्याच दिवशी. फादरांनी मागे सहज सांगितलं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून हेच वेड! सणाला मराठीत पुस्तिका छापून वाटायची.

मध्येच आतून मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, हाक मारली. उठले. कूस वळवली, पुसलं, डायपर बदललं, पाठीच्या जखमेला मलम लावलं. परत आले तर हे विचारतात, "कुठं होतो आपण?"

तुम्ही इथंच होते.

२६ जून

बेबीताईचा फोन. "रत्ना, अकोल्याले येतं का नाई वं? बडनेऱ्याहून असं किती दूर आहे!" सख्खी बहीण, पण मामाजींना अर्धांग झाल्यापासून तिचं घर पाहिलं नाही. चार वर्षं झाली. बाजार आणि चर्च — तेवढंच माझं गाव. तिथल्या जठारपेठेत तिनं घरावर एक खोली काढली. "तुह्यासाठीच," म्हणते.

हो म्हटलं. दर वेळी म्हणते.

२९ जून, रविवार

आज हसले! अर्नुल्फचं शव मेत्सला परत नेत होते. उन्हाचे दिवस, माणसं तहानलेली, घोटभर बिअर उरलेली — आणि ती संपेचना! म्हणून तो बिअर करणाऱ्यांचा संत. हे म्हणाले, "हे गाळ. फादर काय म्हणतीन!"

मामाजी आतून हसले, काहीतरी बोलले. त्यांचे शब्द जिभेवरच अडकतात. पोटच्या पोराला एक शब्द कळत नाही. "काय म्हणून राहिले?"

मी सांगितलं, "ठेव म्हणतात. लोक तेवढंच वाचतीन."

तरी गाळलं.

३ जुलै

आज राजाचा प्रसंग. अर्नुल्फला पद सोडून रानात जायचं होतं. राजा भडकला — गेलास तर तुझ्या पोराचं मुंडकं उडवीन! अर्नुल्फ म्हणाला, पोराचा जीव देवाच्या हातात आहे.

माझं बोट थांबलं. "म्हणजे पोराचं काय व्हायचं ते होवो?"

"तसं नाई ते. श्रद्धा आहे."

"त्याच्या मायले विचारलं का कोणी?"

"तू टाइप कर ना वं."

शेवटी गेलाच तो. डोंगरात, एका मित्राजवळ. तिथं कुष्ठरोग्यांची सेवा केली. हे सांगताना यांचा आवाज भरून आला. मला वाटलं, म्हातारपण.

७ जुलै

म्हातारपण नव्हतं. जेवताना सांगितलं. सण झाला की डोंगराकडच्या एका कुष्ठधामात राहायला जाणार. कायमचे! फादरांशी बोलून झालंय, तिकडून होकारही आलाय. मलाच शेवटी!

"आन मामाजी?"

"तू आहे नं."

मी भाजी वाढली. हात चालतच होता.

८ जुलै

काही नाही. ऊन. डायपर आणले.

१३ जुलै, रविवार

फादरांनी मिस्सेच्या प्रार्थनेनंतर सर्वांसमोर सांगितलं. टाळ्या. बायांनी माझे हात धरले — भाग्यवान आहेस, असा नवरा!

फादरांना बाहेर गाठलं. म्हटलं, "मला भीती वाटते. मी एकटी, म्हातारा माणूस, उचलावं लागतं—"

ते म्हणाले, "रत्नाबाई, शांतवनरावांच्या त्यागात तुमचाही वाटा आहे."

मी कधी मागितला वाटा?

१४ जुलै

शेवटचं प्रकरण. 'वंश आणि वारसा'. अर्नुल्फचा मुलगा, त्याचा मुलगा, असं करत करत थेट सम्राट शार्लमेनपर्यंत. सगळे बाप आणि लेक. ज्या बाईनं दोन पोरं दिली तिला अख्ख्या पुस्तिकेत एक ओळ — 'अर्नुल्फ बिशप झाल्यावर पत्नी डोडा ट्रियरच्या मठात गेली.'

साल पाहिलं. बिशप झाला तो ६१४च्या सुमारास. रानात गेला ६२९च्या आसपास.

म्हणजे डोडा आधी गेली. पंधरा वर्षं आधी! त्याच्या मागं घर सांभाळायला ती राहिलीच नव्हती.

यांना दाखवलं. "हो, मग?" म्हणाले.

१६ जुलै

मामाजींना खिचडी भरवत होते. चांगल्या हातानं त्यांनी माझं मनगट धरलं.

"तो चालला?"

"हो."

मग म्हणाले, "तू जाय. बहिणीकडं."

"तुमचं कोण करन?"

"पोरगा हाये मले."

मी रडले. त्यांच्यासमोर, पहिल्यांदा. दुःखानं नाही — हेच तर लाजिरवाणं. त्यांनी 'जाय' म्हटलं आणि मला आनंद झाला.

१७ जुलै

यांना पलंगाजवळ उभं केलं. "पहा, पाठीखाली हात असा घालायचा. जखम घासली नाई पाहिजे."

"आता कशाले?"

"पहा तर."

पाहिलं. अर्धं लक्ष पुस्तिकांच्या गठ्ठ्यात.

शेजारच्या नईमाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाभी, स्टेशनले मी सोडतो. तुमी फक्त माघारी फिरू नका." मामाजींवर लक्ष ठेवीन म्हणाली.

१८ जुलै

गाडीत लिहितेय. अक्षर हलतंय.

पुस्तिका वाटून झाल्या, हार झाले. घरी येऊन मी पिशवी उचलली. "अकोल्याले चालली मी. बेबीताईकडं."

"आज? परत कवा?"

"मामाजींची खिचडी पातळ करा. नाईतर ठसका लागते."

हे दारात उभे. गळ्यात हार तसाच. नईमानं स्कूटी सुरू केली. मी मागं पाहिलं नाही — खोटं, पाहिलं.

२० जुलै, जठारपेठ

खोली छान आहे. खिडकीत पेरूचं झाड. पण झोपेत हात आपोआप पुढं जातो, कूस वळवायला. बाजूला कोणी नसतं. घर तिकडं राहिलं आणि मी अजून त्यातच!

यांचे फोनवर फोन. मलम कोणतं? बाबा काय मागून राहिले? — तो तर सांगताना रडायलाच लागला. नवऱ्याला 'तो' म्हटलं मी! काल-परवापर्यंत 'हे' होते. आज मला एखादं लहान लेकरूच वाटले ते.

आवरून ठेवलीय पिशवी. उद्या जावं का?

२३ जुलै

गेले नाही. अजून. बेबीताई पिशवीकडे बघत राहते.

२६ जुलै

यांचा फोन. आवाज बसलेला. येत नाही म्हणून कुष्ठधामाला कळवलं म्हणाले. मग म्हणाले, "बाबांले विचारलं, रत्नाले बोलावू का."

"काय म्हणाले?"

"नको म्हणाले. अवं, त्यांचं बोलणं समजलं मले."