ताईची चक्कर

४ मार्च
ताईला पुन्हा चक्कर!
सकाळी मालक म्हणाले, "काचा घासायचं नवं मशीन येतंय. शिकायला सहा आठवडे बाहेरगावी जायचंय. तुम्हीच जा, बाई." बारा वर्षं या दुकानात चष्म्याच्या काचा घासतेय, पहिल्यांदाच कुणी मला पुढे केलं. दुपारी हौसेनं ताईला सांगितलं. संध्याकाळी ती आडवी.

५ मार्च
गेले तिच्याकडे. "तू जा गं खुशाल. माझं काय, पडेन कुठंतरी." तासभर पाय चेपले. डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत. त्यांची पाठ वळली तशी उठून बसली. चहात साखर कमी आहे म्हणे!

६ मार्च
माझं लग्न ठरलं तेव्हा तिच्या छातीत कळ. आम्ही वेगळं घर घेतलं तेव्हा पाठ धरली. नोकरी लागली तेव्हा तर महिनाभर अंथरुणात. दर वेळी धावले ती मीच. गाढव!

९ मार्च
मी कारणं देत बसते, तिथंच फसते. एक कारण दिलं की ती तेवढंच धरून मला पिळते. आज दिलंच नाही.
"मी जाणार आहे, ताई."
"आणि माझ्याकडे कोण बघणार?"
"शेजारच्या काकूंना सांगून ठेवलंय. मी जाणार आहे."
"आईच्या माघारी तुला मी वाढवलं, ते या दिवसासाठी?"
"ठेवते फोन."
ठेवला. मग मोरीतली घासलेली भांडी पुन्हा घासून काढली.

११ मार्च
दादाचा फोन. ताईनंच करायला लावलेला, दुसरं काय! "तुझ्यापायी ती जेवत नाहीये."
"मग तू जाऊन भरव."
फोनच ठेवला त्यानं.

१२ मार्च
आज कुणाचाच फोन नाही. बरं झालं.
बरं कसलं! दिवसभर फोनच बघत होते. एका काचेचा कडेला टवका उडाला.

१५ मार्च
बॅग भरली. ताई म्हणाली, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." मी म्हटलं, "बरं." अपराधी वाटतंय. वाटू दे. वाटलं म्हणून काही मी अपराधी होत नाही.

१६ मार्च
लेकीला हे सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला परगावी नोकरी मिळालीय. दोन महिने झाले. तुला बोलले नाही — तू रडायला लागतेस, आणि मग मी थांबते."