एका बैठकीचं एकभुक्त

१७ मे, सकाळ
अधिक महिना लागला. एकभुक्त धरलं. दिवसातून एकदाच जेवायचं, पानावरून उठलं की संपलं. पुण्य वर, शुगर खाली. डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली तरच मोतीबिंदू काढतो. तो निघाला की मी अक्षरं शिकणार आणि ही डायरी स्वतःच्या हातानं लिहिणार. पाटी आणून ठेवली आहे. तोवर मी सांगते, नात दुर्वा लिहून राहिली. मधे मधे हसते. हे लिहू नको म्हटलं, तर तेही लिहिलं.

२० मे
छावणीतल्या सदर बाजारात फूड फेस्टिवल आहे, शुक्रवारपासून रविवारपर्यंत. माझा लेक विनय म्हणाला, आई, तू घरीच थांब. म्हटलं, मी खायला थोडीच जाते? लोक काय खातात ते पाहायला जाते. तो म्हणाला, तुला दिसते कुठे. म्हटलं, वास तर येते.

२२ मे
गुडघे एकाएकी दुखू लागले. शेजारच्या शकुकडे चाकाची खुर्ची आहे, तिच्या यजमानांचा पाय मोडला होता तेव्हाची. मागवली. खुर्चीमागून शकुही आली.
नियम साधा. उठलं की जेवण संपते. मी उठलेच नाही. फिरली ती खुर्ची. मुगाचे मंगोडे, गक्कड-भरता (निखाऱ्यावरची बाटी आणि वांग्याचं भरीत), दहीभल्ले, एका नागपूरवालीची पाटवडी (रस्सा पातळ), वरून कुल्फी. सगळं मिळून एक जेवण. विनय ढकलून घामाघूम. म्हणाला, आई, उठशील केव्हा? म्हटलं, व्रत आहे बाबा, सोपं नसते.
शकुला नियम समजावला, मंडळाच्या चार बायकांसमोर. फार लक्ष देऊन ऐकत होती.

२३ मे
आजही एकच जेवण. सात वाजता बसले, साडेनऊला उठले. खोव्याच्या जिलबीची लाईन फार लांब, म्हणून ती उद्यावर ठेवली. काळीभोर, जाड, आतून लुसलुशीत. सोमवारी रक्त द्यायचं आहे, तेव्हा उद्या जिलबीशिवाय काही नाही. संयम म्हणतात तो हाच.

२४ मे, घरी आल्यावर
दिवसभर पाण्यावर काढला. लाईनीत विनय उभा, मी बसलेली, बाजूला शकु. दुकानवाला म्हणाला, अम्माजी, गरम है, आराम से. द्रोण हातात आला. एक तुकडा मोडला, जिभेवर ठेवला. आणि मिलिटरीच्या बँडनं समारोपाचं राष्ट्रगीत सुरू केलं.
आमचे हे जन्मभर तोफांच्या कारखान्यात. क्वार्टरच्या मैदानात दर पंधरा ऑगस्टला उभे राहिलेले पाय आहेत माझे, ते मला विचारत नाहीत. ताठ उभी राहिले, गुडघ्यांसकट.
संपल्यावर बसायला गेले, तर शकु म्हणाली, "वहिनी, उठलात तुम्ही. झालं की जेवण."
विनय म्हणाला, देशासाठी उठलेलं देव मोजत नसेल. शकु म्हणाली, नियम वहिनींचाच आहे, चार बायका साक्षीला आहेत. अन्न वाया जाऊ नये म्हणून द्रोण तिनं घेतला. तिच्याच खुर्चीत बसून खाल्ला. मी ऑटोपर्यंत चालत आले.
जाऊ दे. उद्या रक्त द्यायचं आणि पोट रिकामं. देवानंच उठवलं म्हणायचं. आता शुगरची काय बिशाद वर राहायची.

२६ मे
रिपोर्ट आला. शुगर वरच. डॉक्टरांना सांगितलं, रविवारी एक तुकडाच खाल्ला. ते म्हणाले, अम्मा, ही टेस्ट कालचं सांगत नाही, मागच्या तीन महिन्यांचं सांगते.
म्हणजे कुल्फी, मंगोडे, आमरस, होळीच्या पुरणपोळ्या, सगळं नोंदून ठेवलेलं. माझं रक्त माझ्याहून शिकलेलं निघालं. आणि त्याला सांगायलाही कुणी बसलं नव्हतं.
ऑपरेशन गेलं दिवाळीनंतर. दुर्वा म्हणते, आजी, मोठी मोठी अक्षरं काढून देते, आताच शिक. म्हटलं, डोळे होऊ दे, काहून घाई करतेस. पाटी सध्या अनारशाच्या पिठावर झाकण आहे. जावयाला अधिकाचं वाण द्यायचं ना. पीठ तुपात हसते, म्हणजे विरघळते का ते पाहायला आज सकाळी एक तळला, आणि खाल्ला. उभ्यानंच खाल्ला. बसलेच नाही, तर एकभुक्तात धरायचं काय?
हे लिहू नको, दुर्वा.
लिहिलंस? लिही. पेन तुझ्याकडेच आहे.