पुलापलीकडचा कायदा

प्रिय दादा,

जिंकले! उभ्याने वाचत असशील तर आधी खाली बस. माझी कलमाची सुरी मला परत मिळाली, तीही भर कोर्टात, सगळ्यांदेखत. शिपायाने ती हातात ठेवली आणि मी ढसाढसा रडले. अहो, हरल्यावर रडतात, असं म्हणून वकीलबाई मलाच हसल्या.

आपल्या बाजूला कमरेला सुरी असली तर कुणी ढुंकूनही बघत नाही. पूल ओलांडला की राज्य बदलतं आणि कायदाही: कपड्याआड पातं सापडलं की ते शस्त्र! म्हणून तर मला पुलावर धरलं आणि सुरी जप्त केली. आणि आपण पडलो कलमं बांधणारी माणसं. पात्याला धूळ लागली तर कलम कुजतं, सुरी कपड्याआडच ठेवायची, हे बाबांनी आपल्याला धपाटे घालून शिकवलेलं. बागा सगळ्या पलीकडे. हरले असते तर धंदाच बसला असता. गुन्हा कबूल कर, दंड भर, मोकळी हो, असं जो तो सांगत होता. आई तर माझ्या पाया पडायचीच बाकी होती. पण मी कसली ऐकतेय!

कामाचं हत्यार होतं तर लपवलं कशाला, असं सरकारी वकिलाने विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वकीलबाईंनी माझा पाय दाबला. बरं केलं, माझी जीभ तुला ठाऊक आहे. मग पलीकडच्या रोपवाटिकेची मालकीण साक्षीला उभी राहिली. तीच ती, आपण जिला फौजदारीण म्हणायचो. उघडी सुरी घेऊन येणाऱ्याला मी फाटकातूनच हाकलते, असं तिने ठणकावलं. न्यायाधीशांनी निकाल दिला: कामाचं हत्यार स्वच्छ राहावं म्हणून झाकणं हा गुन्हा नाही.

दादा, फुशारकी मारायला हे पत्र लिहीत नाहीये. त्याच पुलावर तुला धरलं होतं. तू घाबरून कबुली दिलीस, आणि तेव्हापासून गोदामात खोकी उचलतोस. मुलांसमोर तो विषय निघाला की उठून जातोस, ते मला बघवत नाही रे. या निकालाच्या जोरावर तुझी शिक्षा रद्द करून घेता येईल, असं वकीलबाई म्हणतात. अर्जावर तुझी सही हवी. सुरी काय, बाजारात दुसरी मिळाली असती. तू गुन्हेगार नव्हतास, हे मला त्या कोर्टाकडून वदवून घ्यायचं होतं. घेतलं! आता सोमवारी ये. पूल दोघं मिळून ओलांडू.

तुझीच भांडखोर
धाकटी