हळर्णच्या भिरंडाची शेवटची फळं

११ मे
यीस्टने पुन्हा तोंडाला पानं पुसली. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, दोन जीन्स तिच्यात घातली, तरी गार्सिनॉलचा, त्या सालीतल्या औषधी द्रव्याचा, मागमूस नाही. तिसरं जीन हवंच. ते फळाच्या सालीत, तेही फळ लाल व्हायला लागतं तेव्हाच जागं असतं. सर म्हणाले, "महिनाअखेर काही दाखवलं नाहीस तर प्रकल्प बंद." तीन वर्षं मी काय यीस्टला नुसती साखर भरवली?

१३ मे
हळर्णला मावशीला फोन. आधीची जीन्स तिच्याच झाडाची. बाजारातली फळं शिळी, ती चालत नाहीत. म्हटलं, शनिवारी येते, सालं ठेव माझ्यासाठी. "बरां गो."

१६ मे, शनि.
कोरड्या बर्फाचा डबा मांडीवर घेऊन दोन बस. कंडक्टर : "मासळी काय गो?"
मावशीने हौसेने सुपं दाखवली. फळं फोडून, बिया काढून, सालं मीठ लावून उन्हात! "तुका सोलां आवडतत म्हणान. सालां व्हयी म्हणालंस मां?"
म्हणाले होते. ताजी, झाडावरची, हे सांगायचं सुचलं नाही. इथे साल म्हणजे सोलंच, वाळवलेली आमसुलं, हे मला कळू नये? मिठात जीनचा काय माग राहणार! रडूच कोसळलं. मावशीला वाटलं, मीठ कमी पडलं.
शेंड्याला सहा-सात लालसर फळं होती. नेमकी हवी तशी. तर मावशी आडवी. "ती राखणदाराची. सोमवारी बापूकाका येवन गाराणां घालतले, मगे बघ." राखणदार म्हणजे जागेचा रक्षक देव; गावातल्या बापूकाकांनी त्याला विनवल्याशिवाय फळ तोडायचं नाही.
बर्फ संध्याकाळपर्यंतच टिकतो. वैताग नुसता. रिकामा डबा घेऊन मुळगावला, लॅबवर परत.

१८ मे, सोम.
रजा. कारण : फील्डवर्क. पुन्हा बर्फ, पुन्हा दोन बस.
बापूकाकांनी नारळ-विडा ठेवला. "आमच्या चेडवाचां अडाकलेलां काम मार्गी लाव रे म्हाराजा!" चेडू म्हणजे मी. "व्हय म्हाराजा," मीही म्हटलं. कोणी पाहिलं असतं तर!
दोन दिवसांत पाखरांनी फडशा पाडलेला. उरली तीन. काकांनी एक झाडावर ठेवलं, दोन मला. डब्यात टाकून झाकण दोनदा दाबलं.

१९ मे
दोन्ही फ्रीझरमध्ये. एकदाच दळता येतील, चुकलं की पुढचा मे, आणि पुढच्या मेमध्ये मी इथे असेन का? सकाळपासून तीनदा दार उघडून बघितलं.
नमुन्याच्या फॉर्मवर रकाना : देणाऱ्याचं नाव. मावशीचं लिहिलं. खोडलं. फळं तर राखणदाराची. सर विचारतील, खाडाखोड का?