वेंकटरावमामांची शेवटची नोंद

प्रिय वासुकी,

शाळेत कधी न शिकलेली देवनागरी वाचायला तुला वेळ लागेल, ठाऊक आहे. पण फोनवर मी पुन्हा सोईचं तेवढंच सांगेन, म्हणून लिहिते. तुझ्या अप्पांची, माझ्या वेंकटरावमामांची, पावसाची शेवटची नोंद चुकीची होती, असं आमच्या हवामान कार्यालयाच्या अहवालात आहे. ते वाक्य माझं आहे.

उपग्रहाला पाऊस दिसत नाही गं. जमिनीवरच्या भागात त्याला सूक्ष्मलहरींतून जाणवतं ते मुख्यतः ढगांच्या माथ्यावरचं बर्फ. मग संगणकात रचलेल्या हजारो ढगांतून आम्ही त्याच्याशी जुळणारा ढग शोधतो, आणि त्या ढगाखाली जेवढा पाऊस, तेवढाच इथे पडला असं धरतो. अठरा वर्षं मी हेच करते आहे. त्या दिवशी आपल्या गावावरचे, पापनाशमवरचे ढग बुटके होते, माथ्यावर बर्फ जवळजवळ नव्हतंच. आकडा आला अडतीस मिलिमीटर.

सकाळी साडेआठला मामांनी शाळेच्या आवारातलं पर्जन्यमापक मोजून नेहमीसारखा फोन केला. "भवानी, दोनशे अकरा. लिहून घे." मी हसले. म्हटलं, मामा, मापाचे पेले मोजताना चुकलात. तर म्हणाले, "वीस-वीसचे दहा पेले पूर्ण, वर अकरा. दहापर्यंत मोजायला तुला मीच शिकवलं, मुली. त्या उपग्रहाला छत्री देऊन इकडे पाठव बघू."

शेजारच्या केंद्रांच्या नोंदी यायच्या होत्या. थांबता आलं असतं. मी त्यांच्या आकड्यापुढे 'संशयास्पद' लिहिलं, तो गाळला आणि अडतीस पुढे पाठवला. पुराचा इशारा गेलाच नाही. कोणी येत नाही म्हटल्यावर दुपारी मामाच मोपेड काढून कालव्याकाठच्या लोकांना हलवायला गेले. सात घरं रिकामी झाली. आठव्याकडे जाताना मोपेडखालचा काठ खचला.

संध्याकाळी नोंदी आल्या. एकशे नव्वद. दोनशे चार. अहवाल लिहिताना हे आकडे माझ्यासमोर होते. ते मी मागच्या परिशिष्टात टाकले आणि 'निरीक्षकाची मोजणीतली चूक' तसंच राहू दिलं. भीतीनं की लाजेनं, रोज डायरीत विचारते. कोणतंही उत्तर लिहिलं तरी खोटं वाटतं.

बाराव्या दिवशी स्वयंपाकघरात तू मला हळूच विचारलंस, "अप्पांना विसर पडायला लागला होता का गं? वर्षभर मी आलेच नाही, मला कसं कळणार?" मी म्हणाले, "वय झालं होतं." तेव्हापासून त्यांना एकटं ठेवलं म्हणून तू स्वतःला खात बसली आहेस, असं तुझी लेक सौम्या सांगते. अहवाल दुरुस्त करण्याचं पत्र मी आज माझ्या सहीनं दिलं. नोकरीचं व्हायचं ते होवो. वासू, त्यांना काहीही विसर पडला नव्हता. त्यांनी बरोबर मोजलं होतं. आणि तू विचारलंस तेव्हा मला ते ठाऊक होतं.

अजून म्हणू देशील तर, तुझीच
भवानी